स्काउटला काय दिसत नाही? ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ पहिल्यांदा अभ्यासणाऱ्यांसाठी

हार्पर ली यांची ही कादंबरी ११ जुलै १९६० रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे इंग्रजी साहित्य घेतलेल्या मुलांची तिच्याशी गाठ पडते ती बहुधा परीक्षेच्या धाकाने. मग बाजारातलं गाईड येतं, त्यात ‘वंशभेदाविरुद्ध उभा राहिलेला आदर्श वकील’ असं एक वाक्य असतं, ते उत्तरपत्रिकेत उतरतं आणि पुस्तक कपाटात जातं. मीही पहिल्यांदा तसंच वाचलं होतं. मार्कही बरे पडले.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा हातात घेतलं तेव्हा कळलं की आपण निम्मंच पुस्तक वाचलं होतं. गोष्ट सांगते स्काउट फिंच, वकील अ‍ॅटिकसची मुलगी आणि जेमची धाकटी बहीण. सुरुवातीला ती सहाचीही नाही, शेवटी नऊच्या घरात येते. तिच्या डोळ्यांसमोर पुष्कळ काही घडतं, त्यातलं थोडंच तिला कळतं. उरलेलं वाचकाने वेचायचं असतं. कसं वेचायचं, तेवढंच इथे सांगतो.

पहिली पायरी: पेन बाजूला ठेवून एकदा वाचा

एकूण ३१ प्रकरणं आहेत. पहिल्या भागात ११, दुसऱ्यात २०. रोज तीन प्रकरणं वाचली तर दहा-अकरा दिवसांत पुस्तक होतं. या फेरीत अधोरेखन नको, टिपणं नकोत.

पहिल्या भागात बरेच जण कंटाळतात. ‘खटला कधी सुरू होतो?’ हा ठरलेला प्रश्न. साक्षी थेट सतराव्या प्रकरणात सुरू होतात. तोवर मुलं खेळतात, भांडतात, शेजारच्या घरातून वर्षानुवर्षं बाहेर न पडलेल्या बू रॅडलीला बाहेर काढण्याचे बेत रचतात. हा भाग उडवून कोर्टात पोहोचलात तर कोर्ट कोरडं वाटेल, कारण ज्युरीत बसणारी, गॅलरीतून बघणारी, दाराशी तंबाखू चघळणारी माणसं कशी आहेत हे त्या अकरा प्रकरणांतच कळतं.

भाषा सुरुवातीला अडवते. अमेरिकेच्या दक्षिणेची बोली आहे, शब्द अर्धे गिळलेले. डोळ्यांनी अडलं तर ते वाक्य मोठ्याने वाचा, बहुतेक वेळा कानाला कळतं. प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडू नका. एक शब्द मात्र समजून घ्याच: ‘शिफरोब’. कपडे टांगायची जागा आणि खण असं दोन्ही असलेलं लाकडी कपाट. ते फोडण्यावरून खटल्यात बरंच काही अडलंय.

आणि १९६२ चा चित्रपट आधी बघू नका. उत्तम आहे, ग्रेगरी पेकला अ‍ॅटिकसच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण तो बघितला की अ‍ॅटिकस मध्यभागी येऊन उभा राहतो आणि स्काउट त्याच्या सावलीत जाते. शिवाय मुलांची अलेक्झांड्रा आत्या त्यात नाहीच. पुस्तकात तिच्यामुळे घराण्याच्या मोठेपणाचा, ‘आपल्यासारखी माणसं’ आणि ‘तसली माणसं’ यांचा सगळा पसारा उलगडतो. तिच्याशिवाय मेकम गाव फारच सोपं होऊन जातं.

दुसरी पायरी: दोन काळ वेगळे करा

गोष्ट घडते १९३३ ते १९३५ या काळात, अलाबामा राज्यातल्या मेकम नावाच्या काल्पनिक गावात. सालं लेखिका ठळकपणे सांगत बसत नाही, ती आपण शोधायची. पहिल्याच प्रकरणात गावाला नुकतंच कळल्याचा उल्लेख आहे की भीतीवाचून दुसऱ्या कशाला भिण्याचं कारण नाही. हे रूझवेल्ट यांच्या ४ मार्च १९३३ च्या शपथविधीच्या भाषणातलं. सव्विसाव्या प्रकरणात वर्गात हिटलरची बातमी येते. अशा खुणा स्वतः शोधल्या की काळ डोक्यात पक्का बसतो.

हा मंदीचा काळ. कापसाचा भाव पडलेला, शेतकऱ्यांकडे रोकड नाही. गरीब शेतकरी वॉल्टर कनिंगहॅम वकिलाची, म्हणजे अ‍ॅटिकसची, फी जळाऊ लाकडं आणि अक्रोडासारख्या फळांच्या पोत्याने फेडतो. त्याच वेळी दक्षिणेत ‘जिम क्रो’ कायदे होते. शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. मेकमच्या कोर्टातही कृष्णवर्णीयांनी वरच्या गॅलरीत बसायचं. लक्षात घ्या, फिंचांची मुलं खटला बघतात ती याच गॅलरीतून, कृष्णवर्णीयांच्या चर्चचे पाद्री रेव्हरंड साइक्स यांच्या शेजारी बसून.

स्कॉट्सबरो खटल्यांची माहिती करून घ्या. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामात मालगाडीतून उतरवलेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप ठेवला गेला. काही आठवड्यांत आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. त्या तरुणींपैकी एकीने १९३३ मध्ये आपली साक्ष फिरवली, तरी ज्युरीने पुन्हा दोषीच ठरवलं. तो निकाल रद्द करणारे न्यायाधीश जेम्स हॉर्टन पुढच्या निवडणुकीत पडले. सर्वोच्च न्यायालयाने १९३२ आणि १९३५ मध्ये दोनदा हस्तक्षेप केला, दुसऱ्यांदा ज्युरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याच्या मुद्द्यावर. कादंबरीत कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनवर मायेला युएल या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप आहे. त्याच्या खटल्यात ज्युरी गोऱ्या पुरुषांचीच का, याचं उत्तर इथे आहे. बायका? अलाबामात त्यांना ज्युरीत बसण्याचा हक्क मिळाला १९६६ मध्ये. तेविसाव्या प्रकरणात मुलं अ‍ॅटिकसशी यावर बोलतात, तो भाग चुकवू नका.

दुसरा काळ लिहिण्याचा. हार्पर ली यांचा जन्म १९२६ चा, गाव अलाबामातलंच मन्रोव्हिल. वडील वकील. शेजारी राहणारा बालमित्र ट्रूमन कपोटी पुढे स्वतः नामवंत लेखक झाला, कादंबरीतला मुलांचा मित्र डिल त्याच्यावरून घेतलेला. ली यांनी हे लिहिलं ते १९५० च्या दशकात. १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला होता. १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलचा मिसिसिपीत खून झाला आणि त्याचे मारेकरी ज्युरीने सोडून दिले. त्याच डिसेंबरात अलाबामाच्या राजधानीत, माँटगमरीत, बसवर बहिष्कार सुरू झाला. म्हणजे १९६० च्या वाचकाला ही जुनी आठवण वाटली नसणार, ती त्याला सकाळच्या वर्तमानपत्रासारखीच वाटली असेल. उत्तर लिहिताना हे दोन काळ एकमेकांत मिसळू देऊ नका.

तिसरी पायरी: वहीचं पान मधोमध दुमडा

आता दुसरं वाचन, आणि आता पेन हवं. डाव्या बाजूला लिहा ‘स्काउट काय सांगते’, उजवीकडे ‘मला काय कळलं’. दोन्ही बाजू सारख्या निघाल्या तर तो प्रसंग सोडून पुढे जा.

सातवं प्रकरण घ्या. रॅडलींच्या ओकच्या झाडाच्या ढोलीत मुलांना वस्तू मिळत असतात. साबणात कोरलेल्या बाहुल्या, जुनं घड्याळ, च्युइंगगम. मुलं आभाराची चिठ्ठी लिहितात. ती ठेवायला जातात तर ढोली सिमेंटने बुजवलेली. बूचा भाऊ नेथन सांगतो, झाड आजारी आहे म्हणून भरलं. जेम अ‍ॅटिकसला विचारतो, झाड आजारी दिसतं का? अ‍ॅटिकस म्हणतो, छे, चांगलं हिरवंगार आहे. त्या संध्याकाळी जेम अंधार पडेपर्यंत व्हरांड्यात उभा राहतो. तो आत येतो तेव्हा स्काउटला दिसतं की तो रडलाय, आणि आपल्याला ते ऐकू कसं आलं नाही याचं तिला नवल वाटतं. प्रकरण संपतं.

डाव्या बाजूला एवढंच. उजव्या बाजूला? एका कोंडलेल्या माणसाने बाहेरच्या जगाशी जोडलेला एकमेव धागा त्याच्या भावाने सिमेंट ओतून तोडला, आणि दहा-अकरा वर्षांच्या जेमला ते कळलं. लेखिकेने यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही.

पंधराव्या प्रकरणात जमाव तुरुंगाशी येतो. टॉमला बाहेर ओढायचा बेत आहे. स्काउटला एक ओळखीचा चेहरा दिसतो, लाकडांनी फी फेडणारे वॉल्टर कनिंगहॅम. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव वॉल्टरच, तिच्या शाळेत आहे. ती त्यांच्याशी त्यांच्या मुलाबद्दल बोलू लागते, जमिनीच्या कागदपत्रांची चौकशी करते. सगळे गप्प. शेवटी ते उकिडवे बसून तिचे खांदे धरतात आणि जमाव परत फिरतो. आपण काय केलं हे स्काउटला त्या क्षणी कळत नाही. इथे उजवी बाजू भरताना घाई करू नका. ‘निरागसतेचा विजय’ हे गाईडातलं उत्तर. मला जास्त बोचतं ते हे, की टॉमचा जीव वाचला तो एका गोऱ्या माणसाला आपला गोरा मुलगा आठवला म्हणून. टॉमलाही तीन मुलं आहेत, ती कुणालाच आठवली नाहीत.

आठव्या प्रकरणातला बर्फाचा माणूस तुमच्यासाठी सोडतो. बर्फ पुरत नाही म्हणून जेम आधी मातीचा पुतळा करतो आणि वरून बर्फ थापतो. स्काउट त्या काळ्या पुतळ्याला बघून काय म्हणते, ते वाचा आणि उजवी बाजू स्वतः भरा.

चौथी पायरी: खटला कागदावर मांडा

सतरा ते एकवीस ही प्रकरणं सलग, एकाच बैठकीत वाचा. मग चार साक्षीदारांची नावं लिहा: शेरीफ हेक टेट, मायेलाचा बाप बॉब युएल, स्वतः मायेला युएल, आणि टॉम रॉबिन्सन. प्रत्येकाने मारहाणीबद्दल काय सांगितलं तेवढंच खाली उतरवा.

टेट आधी म्हणतो डावा डोळा सुजला होता. अ‍ॅटिकस विचारतो, तुमच्या डावीकडचा की तिचा डावा? टेट विचार करतो आणि सांगतो, म्हणजे तिचा उजवा. इथे थांबा. घरातल्या कुणाला तरी समोर उभं करा आणि बघा, समोरच्याच्या उजव्या गालावर सहज बसेल तो हात कोणता? डावा. मग बॉब युएलला नाव लिहायला सांगितलं जातं आणि जज टेलर म्हणतात, तुम्ही डावखुरे दिसता. मग टॉम उभा राहतो. बाराव्या वर्षी कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडलेला त्याचा डावा हात उजव्यापेक्षा फूटभर आखूड, लोंबता. बायबलवर ठेवला तर घसरून पडतो. मायेलाच्या गळ्याभोवती मात्र दोन्ही हातांच्या बोटांचे वळ होते. डॉक्टरला कुणी बोलावलंच नाही.

इतका पुरावा असूनही निकाल दोषी. म्हणजे अभ्यासाचा खरा प्रश्न ‘टॉम निर्दोष कसा?’ हा उरत नाही. तो डाव्या हाताने केव्हाच सुटला. खटला कुठे हरला, ते शोधा. माझ्या मते एका वाक्यात: मायेलाला फुकट मदत का करायचास, असं विचारल्यावर टॉम म्हणतो की मला तिची दया यायची. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या बाईची कीव करायची! सरकारी वकील गिल्मर ते वाक्य पकडतो आणि हवेत लटकवून ठेवतो. बलात्काराचा आरोप त्यापुढे फिका पडतो.

मायेलाकडेही नीट बघा. एकोणीस वर्षांची, आई नाही, सात भावंडं पोसायची, बाप दारुडा. त्या भावंडांना एकदा आइस्क्रीमला पाठवता यावं म्हणून तिने सात नाणी जमवली, त्याला वर्ष लागलं. उकिरड्यालगतच्या त्या अंगणात तिने फुटक्या भांड्यांत लाल जिरॅनियम लावलेत. ती खोटं बोलते आणि एका माणसाचा जीव जातो. तिचं दुःखही खरं आहे. दोन्ही एकाच उत्तरात लिहिता येत असेल तर तुम्हाला हे पुस्तक कळू लागलंय.

आता दहावं आणि एकविसावं प्रकरण शेजारी ठेवा. दहाव्यात पिसाळलेला कुत्रा येतो, रस्ता ओस, पक्षी गप्प, अ‍ॅटिकस एका गोळीत त्याला पाडतो. एकविसाव्यात निकालाची वाट बघताना स्काउटला तोच ओस रस्ता आठवतो, तेच गप्प पक्षी, बंदूक उचलणारे तेच वडील. फक्त या वेळी बंदूक रिकामी आहे हे तिला ठाऊक असतं. पुस्तकाची बांधणी कशी आहे असा प्रश्न आला तर ही जोडी पुरेशी आहे.

पाचवी पायरी: कोण कुणाला काय म्हणतं

ही माझी आवडती पायरी, आणि मराठी माणसाला ती इंग्रजाहून लवकर जमते. अरे-तुरे आणि अहो-जाहो यांतला फरक आपल्या कानाला जन्मापासून कळतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम, म्हणून तिथे मान-अपमान संबोधनांत लपतो. एक यादी करा. टॉम गिल्मरला ‘सर’ म्हणतो. गिल्मर पंचवीस वर्षांच्या, तीन लेकरांच्या बापाला ‘बॉय’ म्हणतो. आपल्या कानाने ऐका, ‘ए पोरा’. ते ऐकून डिलला रडू कोसळतं आणि त्याला बाहेर न्यावं लागतं. अ‍ॅटिकस मायेलाला ‘मिस मायेला’ म्हणतो तर ती चिडते, हा माझी थट्टा करतोय म्हणते. तिला आयुष्यात कुणी ‘अहो’ म्हटलेलंच नाही. मुलं वडिलांना ‘अ‍ॅटिकस’ म्हणतात, ते घर कसं आहे याची ती खूण. बाराव्या प्रकरणात फिंचांकडे स्वयंपाक करणारी कृष्णवर्णीय कॅल्पर्निया आपल्या चर्चमध्ये वेगळी भाषा बोलते, फिंचांच्या घरात वेगळी, आणि स्काउटला पहिल्यांदाच सुचतं की आपल्या स्वयंपाकघराबाहेरही हिचं एक आयुष्य आहे.

पुस्तकात कृष्णवर्णीयांसाठीचा अत्यंत हीन शब्द वारंवार येतो. तो कोण वापरतं, कुणासमोर, आणि अ‍ॅटिकस स्काउटला त्याबद्दल काय सांगतो, याची नोंद जरूर करा. वर्गात तो मोठ्याने वाचायची गरज नाही, स्वतःच्या लिखाणात तर नाहीच. ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ लिहा.

पक्ष्याबद्दल थोडं

मॉकिंगबर्ड भारतात नाही. कोकिळा समजून ‘कोकिळेची हत्या’ वगैरे लिहू नका, कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालते, तिच्याबरोबर भलतेच अर्थ आत शिरतात. हा राखाडी, साधासा पक्षी इतर पक्ष्यांच्या गाण्यांच्या नकला करतो. आपल्या सह्याद्रीत नकलांसाठी पल्लवपुच्छ कोतवाल ओळखला जातो, पण तशी तुलना उत्तरात घालू नका, मनात ठेवा.

प्रतीक म्हणून हा पक्षी मोजक्याच जागी येतो. दहाव्या प्रकरणात त्याला मारणं पाप का, ते शेजारीण मिस मॉडी सांगते. टॉम तुरुंगातून पळताना सतरा गोळ्यांनी मारला जातो, त्यावर पंचविसाव्यात संपादक अंडरवूड गाणाऱ्या पक्ष्यांच्या हत्येची उपमा देतो. अठ्ठाविसाव्यात बॉब युएल मुलांवर हल्ला करतो, त्याच्या आधी अंधारात एक पक्षी एकटाच गात असतो. तिसाव्यात स्काउट तो शब्द बूसाठी वापरते. टॉम आणि बू दोघेही मॉकिंगबर्ड, हे सगळेच लिहितात. पुढचा प्रश्न विचारा: हे दोघे खरंच सारखे आहेत का? त्या हल्ल्यात मुलांना वाचवताना बूच्या हातून युएल मरतो; बूला वाचवण्यासाठी शेरीफ टेट कायदा बाजूला ठेवतो आणि अ‍ॅटिकस ते मान्य करतो. टॉमसाठी असं कुणी केलं?

शेवटची पायरी: अ‍ॅटिकसला देव्हाऱ्यातून खाली उतरवा

अ‍ॅटिकस चांगला माणूस आहे. टॉमचं वकीलपत्र मात्र त्याला कोर्टाने दिलं, त्याने ते मागून घेतलं नव्हतं. आपल्या गावातली माणसं मुळात वाईट नाहीत यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास. टीकाकारांचा मोठा आक्षेप असा की कृष्णवर्णीय पात्रांना इथे सोसण्यापलीकडे फारसं काही करायला दिलेलं नाही, सुटका करायची ती गोऱ्या वकिलाने. निकालानंतर गॅलरीतले सगळे त्याच्यासाठी उभे राहतात. प्रसंग विलक्षण आहे, माझ्या अंगावर आजही काटा येतो, आणि तरी आक्षेपात तथ्य आहे.

पुस्तकावर बंदीचे प्रयत्नही दोन्ही बाजूंनी झाले. १९६६ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीच्या शाळा मंडळाने ते अनैतिक ठरवलं, तेव्हा हार्पर ली यांनी वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहिलं. २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत आठवीच्या अभ्यासक्रमातून ते काढलं गेलं, तक्रार होती त्यातल्या भाषेने लोक अस्वस्थ होतात ही. २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ हा त्यांचा आधी लिहिलेला मजकूर छापला गेला. त्यात म्हातारा अ‍ॅटिकस वर्णभेदाची बाजू घेतो आणि अनेक वाचकांचा देव कोसळला. ते वाचायचं तर हे पुस्तक पचल्यावर.

जातीशी तुलना करावी का, हा प्रश्न मराठी वर्गात हटकून येतो. जरूर करा, पण इतिहासाच्या आधाराने. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. ‘वंशभेद म्हणजे आपली जातच’ एवढं म्हणून थांबलात तर दोन्हीतलं काहीच कळणार नाही. मेकममध्ये कॅल्पर्निया फिंचांचा स्वयंपाक करते, त्यांच्या ताटात वाढते, मुलांना शिस्त लावते. हे आपल्याकडे कोणत्या घरात चाललं असतं, तेवढा एक फरक घेऊन बसलात तरी तास पुरणार नाही.

सगळं झाल्यावर एक स्वाध्याय. चोविसाव्या प्रकरणात फिंचांच्या घरी आत्याने बोलावलेल्या बायकांची चहापार्टी चालू असताना अ‍ॅटिकस टॉमच्या मृत्यूची बातमी घेऊन येतो आणि टॉमच्या बायकोकडे, हेलनकडे जायला कॅल्पर्नियाला सोबत मागतो. कॅल्पर्निया जाते. स्काउट मागे राहून पाहुण्यांना बिस्किटं देते. त्या मोटारीत स्काउट नाही, म्हणून आपणही नाही. हेलनच्या दारात काय झालं तेही नंतर डिलकडून ऐकलेलंच तिच्यापर्यंत पोहोचतं. तो रस्ता कॅल्पर्नियाच्या नजरेतून एक पानभर लिहा. अ‍ॅटिकसला ती गाडीत काय म्हणाली असेल, की काहीच म्हणाली नसेल, इथून सुरुवात करा.